निळी ठिणगी

मी ती काळी वायर आधी काढली होती की नाही, हे आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही. वयाच्या मानाने तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे असं डॉक्टर म्हणतात; पण डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचे आहेत आणि माणसाला बरं वाटेल असंच बोलायची त्यांना सवय आहे. मी जन्मभर वीज आणि चुंबकत्व शिकवलं. प्रयोगात आधी काय केलं आणि नंतर काय केलं याचा क्रम हरवला तर निष्कर्ष कचऱ्यात टाका, असं मी वर्गावर्गांतून बजावत आलो. आणि जिथे त्या क्रमावर एका माणसाचं उरलेलं आयुष्य अवलंबून होतं, तिथेच नेमकी माझी आठवण धुक्यात आहे. तरी जसं आठवतं तसं सांगतो. माझं कुठे चुकत असेल तर ते पकडायला आता तिथे हजर असलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही.

सुरुवात अगदी साधी होती. माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिला मी ताई म्हणतो. भावोजी जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. ताईने माझी तब्येत विचारली, घरच्यांची विचारली आणि मग जाता जाता बोलल्यासारखं म्हणाली, की बोटीची मोटर शेडमध्ये नुसती पडून आहे, तुला त्यातलं कळतं, तर येऊन एकदा सुरू करून देशील का. मला वाटलं तिला ती विकायची असेल. चालू मोटर आणि बंद मोटर यांत फरक असतोच. मी हत्यारांची पिशवी भरली आणि निघालो.

ताईचं घर एका मोठ्या तळ्याच्या काठावर होतं. स्वयंपाकघराची खिडकी पाण्याकडे उघडायची. खिडकीखालून पायऱ्या उतरल्या की पत्र्याची शेड, शेडपुढे लाकडी धक्का आणि तिथून उजवीकडे नजर टाकली की दूरवर बंधाऱ्याची करडी रेघ. भावोजी चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी बोट आणि त्याहून जुनी मोटर घेतली आणि रोज सकाळी गळ टाकून बसायला लागले. मासे फारसे लागत नसत. मला ते शंकासुर म्हणायचे. मी दारात दिसलो की आत ओरडून सांगायचे, “शंकासुर आलेत, आता चहात साखर आहे की नाही यावर चर्चासत्र.” मला त्याचा राग यायचा. ते गेल्यावर मला तसं म्हणणारं कुणी राहिलं नाही आणि मग राग कशाचा यायचा तेही कळेनासं झालं.

त्यांचा मृत्यू असा झाला. पावसाळा नुकताच सरला होता आणि तळं काठोकाठ भरलं होतं. दाट धुक्यात ते बोट घेऊन गेले. मध्यावर मोटर बंद पडली. बोट ओढीबरोबर बंधाऱ्यावरून खाली गेली. ते खाली सापडले, बोटीच्या फळ्याही सापडल्या. मोटर मात्र बंधाऱ्याच्या अलीकडे गाळात रुतली होती, ती पुढे काही दिवसांनी गळ टाकून काढली. एवढंच मला ठाऊक होतं.

मी दुपारी कामाला बसलो. मोटर एका लाकडी घोडीवर अडकवलेली होती आणि तिचा खालचा पाय पाण्याने भरलेल्या पिंपात सोडलेला होता. ही तयारी ताईने एकटीने करून ठेवली होती, याचं मला नवल वाटलं. शेडमध्ये ओल्या लाकडाचा, जुन्या तेलाचा आणि गाळाचा वास होता. मी मोटरवरचं झाकण काढलं, गाळ पुसला, सिलिंडरमधलं पाणी काढलं, ताजं पेट्रोल आणि तेल मिसळून टाकी भरली. मोटरच्या पुढच्या अंगाला एक लाल बटण होतं. त्याच्यामागे एक प्लास्टिकची क्लिप अडकवायची असते आणि क्लिपची दोरी चालवणाऱ्याने मनगटाला बांधायची असते. माणूस पाण्यात पडला तर क्लिप निसटते, बटण आत जातं, ठिणगीचा प्रवाह मोटरच्या धडात मुरतो आणि मोटर थांबते. क्लिप नसेल तर मोटर चालू करायची दुसरी दोरी कितीही ओढा, ती सुरू होत नाही.

बटणामागे क्लिप नव्हती. वर जाऊन ताईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मला काय ठाऊक.

क्लिपवाचून अडत नाही. त्या बटणाकडून एक काळी वायर आत जाते. ती सोडवून ठेवली की बटण असून नसल्यासारखं, क्लिपवाचूनही ठिणगी पडते; ती जोडलेली राहिली तर पडत नाही. मी ती सोडवली. आता तुम्हाला कळेल की मी सुरुवातीला कशाबद्दल बोलत होतो. मी ती सोडवली असं मला आठवतं. पान्याचा आवाज आठवतो, वायरीच्या टोकाला गुंडाळलेली चिकटपट्टी आठवते. पण हे सगळं पुढे मी इतक्या वेळा मनाशी घोळवलं आहे, की त्यातलं किती डोळ्यांनी पाहिलेलं आणि किती घोळवून तयार झालेलं, ते सांगता येत नाही.

मग ठिणगीची परीक्षा. प्लग काढायचा, त्याची वायर त्याला जोडलेलीच ठेवायची, प्लगचं धातूचं अंग मोटरला टेकवायचं आणि दोरी ओढायची. ठिणगी नीट दिसावी म्हणून मी शेडचं दार लोटलं. अंधारात दोरी ओढली. खर्रर्र. काही नाही. पुन्हा ओढली. प्लगच्या टोकाशी नुसता काळोख.

मी नवा प्लग लावला. काही नाही. वरचं जड चाक काढून आतले पॉइंट कागदाने घासले, त्यांच्यातलं अंतर नीट केलं, कंडेन्सर पिशवीतून आणलेला नवा बसवला, चाक पुन्हा चढवलं. दोरी ओढली. काही नाही. एवढं झाल्यावर संशयाला एकच जागा उरते, ती म्हणजे कॉइल. जिच्यात ठिणगीची वीज तयार होते, ती राळेत बंद केलेली तारेची गुंडाळी. मोजायला मीटर होता, पण त्याचा सेल मेलेला निघाला. मी स्वतःवरच चरफडलो.

तेव्हा पहिल्यांदा तो आवाज माझ्या लक्षात आला. मी दोरी ओढली की थोड्या वेळाने तळ्यावरून तसाच आवाज परत येत होता. खर्रर्र... फार लांबून, पाण्यावरून घसरत आल्यासारखा. पलीकडच्या काठाला खडकाची भिंत आहे, प्रतिध्वनी असणार, असं मी ठरवलं. मी हात पुसले, आता नक्की काय बदललं आणि काय नाही याची मनात उजळणी करू लागलो. दोरी माझ्या हातात नव्हती. आणि तळ्यावर ती पुन्हा ओढली गेली.

खर्रर्र...

मी तसाच उभा राहिलो. पुन्हा आवाज आला. मध्ये तेवढाच वेळ गेला जेवढा दमलेल्या माणसाला हात बदलायला लागतो.

दार किलकिलं झालं. ताई आत आली आणि उलट्या खोक्यावर बसली. उन्हं कलली होती, तिच्या मागे पाण्यावर धुकं धरायला लागलं होतं. “तुलाही आलं ना ऐकू?” तिने विचारलं. मग ती स्वतःशीच मान हलवत राहिली. रोज येतो, म्हणाली. उजाडताना आणि मावळताना. शेजारच्यांना येत नाही. मुलीला फोनवर सांगितलं तर तिने कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. म्हणून वाटलं, ही मोटर एकदा सुरू झाली तर ते ओढायचं थांबवतील.

मी समजुतीच्या सुरात सांगितलं, की ही मोटर आज सुरू होणार नाही. कॉइल जळलेली दिसते. बहुधा त्या दिवशी पाण्यावर असतानाच जळली असेल, म्हणून मोटर बंद पडली.

हे ऐकून ताईचा चेहरा जो बदलला, तो मी विसरू शकत नाही. याबाबतीत माझ्या आठवणीबद्दल मला शंका नाही. लहानपणी ती ताप उतरल्यावर तशी दिसायची.

“म्हणजे... क्लिपमुळे नाही?”

आणि मग तिने सांगितलं. त्या दिवसांत भावोजींना मधेच चक्कर यायची. डॉक्टरांनी पाण्यावर जाऊ नका म्हटलं होतं, त्यांनी ते हसण्यावारी नेलं. आदल्या संध्याकाळी ताईने क्लिप उचलली आणि बटणांच्या डब्यात, शर्टाच्या बटणांखाली लपवली. सकाळी ते शोधाशोध करतील, चिडतील, घरी बसतील, असा तिचा हिशेब. ती उठली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुतळीचा गुंडा आणि कात्री पडलेली होती. त्यांनी बटणाभोवती सुतळी गुंडाळून काम भागवलं होतं. खिडकीतून मोटरचा आवाज लांब जाताना आला. तिला मनस्वी राग आला. तिने चहा टाकला.

“मग मध्येच बंद पडली,” ती म्हणाली. “दोरी ओढल्याचं ऐकू यायला लागलं. मी म्हटलं, बरी जिरली. आता वल्हवत या परत, म्हणजे खोड मोडेल. मी चहा प्यायले रे. सगळा. ते ओढत होते आणि मी खिडकीशी बसून चहा पीत होते. मग आवाज उजवीकडे सरकायला लागला... तरी मला कळलं नाही.”

सुतळी निसटली म्हणून मोटर थांबली, की आणखी कशाने, एवढंच तिला कळायला हवं होतं. खरं तर त्यासाठीच मला बोलावलं होतं. मोटर वर काढली तेव्हा बटणावर सुतळी नव्हती. पण ती पाण्यात वाहून गेलेलीही असू शकते. त्यावरून काही ठरत नाही.

मी तिला पुन्हा सांगितलं, कॉइल गेली आहे, तुझा काही दोष नाही. मी फार आनंदाने सांगितलं. आयुष्यात फार थोड्या वेळा माझ्या विद्येचा कुणाला इतका सरळ उपयोग झाला असेल. तिने पदराने डोळे पुसले. आणि कमरेच्या पिशवीतून ती क्लिप काढून माझ्यापुढे धरली. लाल, तिची गुंडाळीची दोरी हाताच्या घामाने मळलेली.

“एकदा लावून बघ,” ती म्हणाली. “माझ्या समाधानासाठी.”

मी काळी वायर पुन्हा जोडली, क्लिप बटणामागे सरकवली. प्लग उजव्या हाताने मोटरला टेकवला, डाव्या हाताने दोरी धरली. दार मी पुन्हा लोटलं होतं. दोरीची मूठ ओली लागली, गार. मला वाटलं, माझाच घाम. ओढताना दोरी हलकी आली, इतकी हलकी की मी मागे झोकांडलो.

ठिणगी पडली.

निळी, जाड, चटचटणारी ठिणगी. तिच्या उजेडात शेडचे पत्रे, पिंपाची कड आणि ताईचा चेहरा क्षणभर दिसले. माझ्या कोपरापर्यंत झटका गेला. मी दुसऱ्यांदा ओढलं. पुन्हा ठिणगी. क्लिप काढली, ओढलं, काळोख. क्लिप घातली, ओढलं, ठिणगी. मी क्लिप घातली आणि काढली, घातली आणि काढली. एखाद्या वेड्यासारखा, कुठेतरी एकदा तरी चूक निघावी म्हणून. चूक निघाली नाही. इतका स्वच्छ निकाल मला माझ्या प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता. कॉइल धडधाकट होती. सगळंच धडधाकट होतं. या मोटरला थांबवणारी गोष्ट एकच होती.

मी म्हणालो, यावरून काही सिद्ध होत नाही. आधी माझीच काहीतरी चूक झाली असेल. ओल असेल, जोड सैल असेल...

“तुला खोटं बोलता येत नाही,” ताई शांतपणे म्हणाली. “लहानपणीही यायचं नाही. सुरू कर.”

मी प्लग जागेवर बसवला. महिनोन्महिने बंद असलेली, गाळातून काढलेली मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली. पिंपातलं पाणी उसळलं, शेड धुराने भरली. ताई उठून जवळ आली. तिने क्लिपची दोरी आपल्या मनगटात घातली, क्षणभर थांबली आणि हात मागे घेतला. बटण आत गेलं. मोटर थांबली.

आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. तळ्यावरून काहीही आलं नाही. पाणी धक्क्याखाली चुळबुळत होतं तेवढंच.

“पटलं त्यांना,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, “मघाशी ठिणगीच्या उजेडात मी दिसले ना तुला? मी तुझ्याकडे बघत नव्हते. दोरीकडे बघत होते... दोरी तू एकटा ओढत नव्हतास.”

मी हत्यारं तशीच टाकून वर आलो. हात नंतर बरेच दिवस दुखत होता, हे मी मुद्दाम सांगतो. कल्पनेतल्या ठिणगीने हात दुखत नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावायचो.

त्यानंतर तळ्यावरून आवाज आला नाही. त्याऐवजी ताई गप्प झाली. शेडला तिने कुलूप घातलं आणि किल्ली पाण्यात टाकली. मी जमेल तेव्हा जात असे. ती माझ्यासाठी चहा करायची, कप माझ्यापुढे ठेवायची आणि खिडकीकडे पाठ करून बसायची. स्वतः त्या दिवसापासून तिने चहाला तोंड लावलं नाही. क्लिप मनगटावरून उतरवली नाही. मुलगी चिडायची, की आई बांगडीसारखं हे काय घालून बसली आहेस. लोक म्हणायचे, दुःखातून बाहेर येईल. पण ते दुःख नव्हतं. दुःख असतं तर मला तिच्याजवळ बसता आलं असतं. ती शिक्षा भोगत होती, आणि शिक्षेचा पुरावा मी माझ्या हातांनी, शास्त्रशुद्ध पद्धतीने तिच्यापुढे मांडला होता. मी खोटं बोलू शकलो असतो का? ठिणगी तिनेही पाहिली होती. तरी रात्री कूस बदलताना मला वाटतं, मी क्लिप लावायला नाही म्हणायला हवं होतं. कॉइल गेली आहे म्हणून हत्यारं आवरायला हवी होती.

ती बरीच वर्षं जगली. शेवटी दवाखान्यात नर्सने मनगटातली दोरी कापायची परवानगी मागितली, तेव्हा ताईने हात पांघरुणाखाली ओढून घेतला. मला जवळ बोलावलं. आवाज जेमतेम येत होता. म्हणाली, “तू मला खरं सांगितलंस, बरं केलंस. नाहीतर मी उगाच स्वतःला निर्दोष समजत बसले असते.”

ती गेल्यावर भाचीने घर विकायला काढलं आणि सामान आवरायला मला बोलावलं. शेडचं कुलूप तोडलं. मोटर घोडीवर तशीच होती, पिंप कोरडं पडलं होतं. माझी हत्यारं गंजून जमिनीला चिकटली होती. मी टाळू शकलो असतो. पण मला ती उणीव कायम टोचत होती, की त्या दिवशी कॉइल मोजायची राहिली. या वेळी मीटरमध्ये नवा सेल होता.

मी वरचं चाक काढलं आणि मीटरची टोकं कॉइलला लावली. काटा हलला नाही. टोकं पुसली, पुन्हा लावली. काटा हलला नाही. आतली तार तुटलेली होती. मी स्वतःला म्हटलं, इतक्या वर्षांत गंजली असेल. अशी शंका राहू देणं माझ्या स्वभावात नाही. मी कॉइल काढून शहरात मोटारींच्या कॉइली भरणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याला काहीच सांगितलं नाही. त्याने ती शिकंज्यात धरून करवतीने मधोमध कापली आणि दोन्ही तुकडे भिंगाखाली ठेवले. आधी त्याने पाहिलं, मग मी.

आतली तार गंजलेली नव्हती. जळून, वितळून तुटली होती आणि दोन टोकांमध्ये सुई शिरेल एवढी पोकळी झाली होती. राळेला बाहेरून आतपर्यंत भेग गेली होती. ती भेग आणि ती पोकळी तळ्यातल्या करड्या गाळाने गच्च भरून वाळली होती. कारागीर म्हणाला, ही चालू असताना जळली आणि मग बुडाली. मी तो गाळ सुईने काढून पाहिला. तो पार तळापर्यंत, तारेच्या टोकांपर्यंत गेलेला होता. म्हणजे तार तुटली ती मोटर पाण्यात पडायच्या आधी, भावोजी बोटीत असताना. त्यानंतर, क्लिप असो वा नसो, त्या मोटरला ठिणगी पडणं शक्य नव्हतं.